खालच्या कप्प्यातले अपूर्ण फॉर्म

ज्या बाईंनी बावीस वर्षं पोरांना मोजायला शिकवलं, त्यांच्याच मोजण्यात एवढी मोठी खोट निघावी, हे विभागात आजही कोणाला खरं वाटत नाही. शिपाईमामांना विचारा. ते अजून म्हणतात, "बाईंच्या हातून? शक्यच नाही." पण झालं ते झालं, आणि तेही बाईंच्याच टेबलावर, बाईंच्याच पेन्सिलीने, भर दुपारी.

मानसशास्त्र विभागात त्यांची नेमणूक प्रयोगशाळा सहायक म्हणून. कागदावर काम एवढंच: स्टॉपवॉच सांभाळायची, चाचण्यांचे संच कुलपात ठेवायचे, तुटलेल्या खुर्च्यांची यादी करायची. पण पहिल्या वर्षाला संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र हा पेपर असतो, आणि त्याची प्रात्यक्षिकं म्हटली की एकेका प्राध्यापकाला कुठली ना कुठली मीटिंग आठवायची. पोरं या विषयाला येतात ती मनाच्या गोष्टी ऐकायला. पहिल्याच आठवड्यात फळ्यावर वर्गमूळ दिसलं की त्यांचे चेहरे असे पडतात, की जणू कोणीतरी फसवून आणलंय. मग बाई बाह्या सरसावून उभ्या राहायच्या.

"शितावरून भाताची परीक्षा करता ना रे घरी? मग घाबरताय कशाला? नमुना म्हणजे ते शीत. फक्त आधी भात नीट ढवळा. वरचं एक शीत उचललंत आणि तळाशी करपलेलं असलं, तर जेवायला बसल्यावर कळेल." पोरं हसायची आणि नमुना म्हणजे काय ते जन्मभर विसरायची नाहीत. प्रमाण विचलन त्यांनी बसथांब्यावरून शिकवलं, सहसंबंध चपलेच्या मापावरून. प्राध्यापकांचं कोणी नाव काढत नव्हतं. जुनी पोरं भेटायला यायची ती बाईंना. पोरांनी त्यांचं नाव ठेवलं होतं 'सरासरीबाई', आणि बाईंना ते ठाऊक होतं, आवडतही होतं.

नाव काही उगाच पडलं नव्हतं. बाई सगळ्याची सरासरी काढत. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. तो घरी यायला सरासरी अकरा मिनिटं उशीर करतो, हे त्यांनी त्याला तोंडावर सांगितलं होतं. त्याने चष्मा पुसत म्हटलं होतं, "मग ताट बारा मिनिटांनी वाढ की." एकुलती एक लेक दुसऱ्या गावी जमीन मोजणीच्या कार्यालयात होती. तिचा दर रविवारी फोन येई, सरासरी सात मिनिटं. सात मिनिटांत जेवण, तब्येत, वडिलांचं दुकान एवढं बसायचं. लेकीने आधी याच विभागात प्रवेश घेतला होता आणि वर्षभरात सोडला होता. कोणी विचारलं की बाई हसून सांगत, "तिला आकडे जमले नाहीत हो." आता ती दिवसभर आकड्यांतच असते, शेतांचे आणि रस्त्यांचे कोपरे मोजते, आणि हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. बाईंच्याही नाही.

तर प्रात्यक्षिकांतलं पहिलं प्रात्यक्षिक म्हणजे ताणाची प्रश्नावली. दरवर्षी पहिल्याच आठवड्यात साठेक पोरं ती भरत. चोवीस विधानं. प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे: एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे अगदी नेहमी. नाव लिहायचं नाही. वर फक्त वय, घरापासूनचं अंतर, भावंडं, आईवडिलांचा व्यवसाय. भरून झालं की फॉर्म फट असलेल्या पेटीत टाकायचा. बाई पेटी हलवत, फॉर्म पिसत, आणि दोन पोरांना बसवून त्यांचे दोन गठ्ठे करवून घेत: पूर्ण आणि अपूर्ण. एक जरी विधान रिकामं असलं की फॉर्म अपूर्ण. त्याची बेरीज होत नाही, म्हणून त्याची सरासरीही नाही. तो सरळ कपाटाच्या खालच्या कप्प्यात जायचा.

हा नियम बाई रुजू व्हायच्या आधीच्या विभागप्रमुखांनी घालून दिला होता आणि बाईंनी तो कधी मोडला नाही. अपूर्ण फॉर्म त्या वाचतही नसत. "अर्धवट माहिती म्हणजे अफवा," असं वर्गात म्हणत. पूर्ण फॉर्मांची मात्र काय बडदास्त! एकेका विधानाची सरासरी फळ्यावर लिहायच्या, पोरांकडून विचलन काढून घ्यायच्या. आणि दरवर्षी एका विधानापाशी त्या थांबत. सतरावं: 'मला त्रास होतो तेव्हा घरी माझं ऐकून घेणारं माणूस आहे.' सरासरी चार पूर्णांक तीन. बावीस वर्षं जवळपास तीच. बाई खडू खाली ठेवून म्हणत, "बघा. ताण असेल, पण घर शाबूत आहे."

यंदा विभागात एक नवे सर आले. तिशीतले, हळू बोलणारे, बाईंच्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे असतील नसतील. संगणकांसाठी जागा हवी होती, म्हणून कपाट रिकामं करायला ते आले आणि खालच्या कप्प्यापुढे उकिडवे बसले.

"बाई, हे सगळे अपूर्ण?"

"हो ना. रद्दीत घालायचे म्हणून किती वर्षं म्हणतेय, पण माझाच हात होत नाही."

"हे का अपूर्ण राहिले, ते कधी पाहिलंय का कोणी?"

"का म्हणजे? पोरं धांदरट असतात."

"असतील. पण धांदरटपणा सगळ्या विधानांवर सारखा पसरलेला असेल, नाही का? मोजून बघूया?"

"अपूर्णात मोजायचं काय, सर?"

"रिकामं नेमकं कुठे आहे, ते."

बाईंना मनातून हसूच आलं. नवा गडी नवं राज्य, म्हटलं करू दे. पण मोजायचं म्हटल्यावर बाईंचा हात कधी मागे राहिलाय? त्यांनी मोठा कागद घेतला, चोवीस रकाने आखले. सर एकेक फॉर्म उघडून रिकाम्या विधानाचा क्रमांक सांगत, बाई त्या रकान्यात उभी रेघ ओढत. चार रेघा झाल्या की पाचवी आडवी. एकापेक्षा जास्त जागा रिकाम्या असलेले थोडे फॉर्म बाजूला ठेवले. उरले एकशे एकाहत्तर. चोवीस विधानं, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सातेक रेघा, हे बाईंनी आधीच मनात धरून ठेवलं होतं.

"सतरा," सर म्हणाले. "सतरा. नऊ. सतरा. सतरा. सतरा."

पहिल्या गठ्ठ्याला बाईंनी भुवई उचलली. तिसऱ्या गठ्ठ्याला सतराचा रकाना भरला आणि त्यांना शेजारच्या रकान्यात घुसावं लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मोजणी संपली तेव्हा बाकीच्या तेवीस विधानांना मिळून त्रेपन्न रेघा होत्या. कुठे दोन, कुठे तीन, फार तर चार. आणि एकट्या सतराव्याला एकशे अठरा.

बाईंनी रेघा पुन्हा मोजल्या. पेन्सिलीचं टोक एकेका जुडीवर टेकवत तिसऱ्यांदा मोजल्या. एकशे अठरा.

मग एकदम त्यांचा चेहरा खुलला. "अहो, त्यात काय! सतरावं विधान दुसऱ्या पानावर सगळ्यात वर आहे. पिनेच्या अगदी जवळ. पान उलटताना दुमडलं की ते झाकलं जातं. छपाईचा दोष आहे सर, मुलांचा नाही." आणि त्यांनी खुर्चीला पाठ टेकली. बोलताना त्यांचा श्वास जरा वर झाला होता, हे सरांच्याही लक्षात आलं असणार.

"असेल तसं," सर म्हणाले. "पण या निळ्या फॉर्मांवर क्रम वेगळा का आहे?"

निळे फॉर्म बाईंनीच काढले होते, तेरा वर्षांपूर्वी. शेजाऱ्याच्या कागदात डोकावणाऱ्या पोरांवर उपाय म्हणून त्यांनी विधानांचा क्रम बदलून दुसरा संच छापून घेतला होता, आणि वर्गात एक सोडून एक असा वाटत. कौतुकाची युक्ती होती ती. रेघा ओढताना सर निळ्यावरचं विधान पाहून त्याचा पांढऱ्यावरचा क्रमांक सांगत होते, त्यामुळे बाईंच्या ध्यानात आलं नव्हतं. निळ्यावर ते ऐकून घेणाऱ्या माणसाचं विधान होतं पाचवं. पहिल्या पानाच्या मधोमध. पिनेपासून वीतभर लांब.

आता हे मोजलं की काय कळणार, हे बाईंना सरांच्याही आधी कळलं. याच गोष्टीवर त्या दरवर्षी एक अख्खा तास घेत: कारण दोन असतील तर एक बदला, दुसरं तसंच ठेवा, आणि काय हलतं ते बघा. जागेचा दोष असेल तर निळ्या फॉर्मातही सतरावीच जागा रिकामी राहील.

त्यांनी निळे फॉर्म वेगळे काढले. सेहेचाळीस निघाले. या वेळी सरांनी जागा सांगितल्या.

"पाच. पाच. अकरा. पाच."

पाचवी जागा रिकामी: तेहेतीस. सतरावी जागा रिकामी: एक.

पेन्सिल टेबलावरून घरंगळत खाली गेली, ती कोणी उचलली नाही. विधान पानावर कुठेही न्या, पोरं तिथे जाऊन थांबत होती. आधीची भरत होती, पुढची भरत होती, आणि बरोबर तेवढं एक सोडत होती. ज्यांना घरी ऐकून घेणारं माणूस आहे त्यांनी पाच लिहिलं. ज्यांना नाही, त्यांच्यातल्या कितीतरी जणांना 'अजिबात नाही' असं लिहवलं नसेल, त्यांनी जागा सोडली. आणि जागा सोडली म्हणून बाईंनी त्यांना बेरजेतून काढून टाकलं. मग चार पूर्णांक तीन येणार नाही तर काय होणार? उरलेच होते सुखी लोक.

"बावीस वर्षं," बाई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. "बावीस वर्षं मी फळ्यावर हे लिहिलं. घर शाबूत आहे म्हणून सांगितलं त्यांना. ती पोरं समोर बसलेली असायची हो वर्गात!"

"बाई, नियम तुमचा नव्हता."

"राबवला कोणी? सहा वर्षांपूर्वी प्राचार्यांनी आकडे मागितले होते. समुपदेशकाची खोली ठेवायची की नाही म्हणून. मी चार पूर्णांक तीन दिले. पत्र मीच टाइप केलं. आता तिथे झेरॉक्स मशीन आहे, सर."

सरांनी वाकून पेन्सिल उचलली आणि बाईंसमोर ठेवली. म्हणाले, "आपण एवढं तरी बघूया का, की ही मुलं कोण होती? म्हणजे नावं नव्हेत. घरून येणारी की वसतिगृहातली, आई नोकरी करते की नाही, असं. यंदाच्या मुलांसाठी काही मागायचं तर हे लागेल."

काम मिळाल्यावर बाईंना जरा धीर आला. नवा कागद आखला. सर वरचे रकाने वाचू लागले. बाई लिहू लागल्या.

"आईचा व्यवसाय, गृहिणी. परिचारिका. गृहिणी. शिलाईकाम. शिक्षिका. प्रयोगशाळा सहायक, मान—"

सर थांबले.

खोलीत पंख्याचा आवाज येत होता. बाईंची पेन्सिल कागदावर टेकलेली होती. त्यांनी मान वर केली नाही. त्या विभागात प्रयोगशाळा सहायक एकच होती आणि बावीस वर्षं तीच होती. तिची मुलगी त्या वर्गात एकदाच बसली होती, नऊ वर्षांपूर्वी.

"निळा आहे?" बाईंनी विचारलं.

"हो."

"पाचवं रिकामं?"

सरांनी फॉर्म पालथा घातला, बाईंच्या दिशेने सरकवला आणि म्हणाले, "मी बाहेर चहा घेऊन येतो." आणि ते खरंच उठून गेले.

समोर दोन फुटांवर लेकीची तेवीस उत्तरं पालथी पडलेली. झोप लागते का, भूक लागते का, सगळं सोडून जावंसं वाटतं का. नऊ वर्षांपूर्वी, अठराव्या वर्षी, आई शेजारच्या खोलीत स्टॉपवॉचला चावी देत असताना तिने काय लिहिलं होतं, ते उलटलं की दिसणार होतं. हात पुढे गेलासुद्धा. कोपरा अंगठ्याखाली आला.

पण प्रत्येक वर्षी पहिल्या तासाला बाई पोरांना शब्द देत. "तुम्ही काय लिहिलंत ते तुमचं आहे. कोणी लिहिलं हे आम्ही शोधणार नाही. चुकून कळलं तरी वाचणार नाही." हा शब्द लेकीलाही दिला होता, तिसऱ्या बाकावर बसलेल्या. बाईंनी हात मागे घेतला. आयुष्यात एवढं जड काम त्यांनी केलं नव्हतं. बाळंतपणसुद्धा सोपं होतं, असं त्यांनी पुढे नवऱ्याला सांगितलं.

एका फॉर्मवरून काही सिद्ध होत नाही, हे त्या स्वतःला बजावत होत्या. त्रेपन्न पोरांची जागा नुसत्या धांदरटपणाने राहिली होतीच की. हिचीही राहिली असेल. हिचीही राहिलीच असेल. आणि कळायचा मार्ग एकच होता, जो बाईंनी बावीस वर्षांत एकदाही वापरला नव्हता. त्यांनी फोन उचलला. रविवार नव्हता, बुधवार होता.

"आई? काय झालं? बाबा बरे आहेत ना?" लेक घाबरलीच.

"बरे आहेत गं. सगळे बरे आहेत." बाई म्हणाल्या. "आम्ही जुने फॉर्म मोजत होतो. ताणाचे. अपूर्ण राहिलेले. त्यात तुझा सापडला."

पलीकडून अगदी हलकेच: "वाचलास?"

"नाही."

"खरं सांग, आई."

"पालथा आहे समोर. आईचा व्यवसाय वाचला सरांनी, म्हणून कळलं. बाकी फक्त रिकामं कुठे आहे ते. ते... ते राहून गेलं होतं का गं? घाईत?"

"नाही. मुद्दाम सोडलं."

बाईंनी डोळे मिटले.

"तू घरी सांगायचीस ना जेवताना, एक जागा रिकामी असली की फॉर्म खालच्या कप्प्यात जातो आणि कोणी बघत नाही म्हणून," लेक म्हणाली. "आमच्या वर्गात हे भरायच्या आधी फक्त मला माहीत होतं. बाकीचं मी सगळं खरं लिहिलं होतं. ते तू वाचावंस असं मला नको होतं. म्हणून एक सोडलं."

"पण मग तेच का? कुठलंही सोडायचंस. भुकेचं सोडायचंस."

"ते काही ठरवून नाही. पेन तिथेच थांबलं."

बाईंना हुंदका आला, तो त्यांनी तोंडावर हात दाबून धरला. त्यांना विचारायचं होतं ते विचारायचा धीर होत नव्हता. शेवटी त्या म्हणाल्या, "आज सांगशील? तेव्हा काय लिहायचं होतंस?"

"एक ते पाचमध्ये सांगू?"

"नको," बाई म्हणाल्या. "नको गं. कसंही सांग."

लेकीच्या मागे कोणीतरी टाइप करत होतं, मग एक दार लागलं आणि तो आवाज बंद झाला. ती कुठल्यातरी कोपऱ्यात जाऊन उभी राहिली असावी.

"कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या दिवशी," ती म्हणाली, "मी स्वयंपाकघरात आले होते. तू ओट्यापाशी होतीस. मी म्हणाले, आई, मला सकाळी उठावंसंच वाटत नाही. तू मागे वळून विचारलंस, आठवड्यातून किती वेळा? मला वाटलं, विचारतेय म्हणजे ऐकेल. मी बोटांवर मोजलं. चार, म्हणाले. तू म्हणालीस, मग सगळ्यांना होतं तेवढंच आहे. आणि तू पुन्हा ओट्याकडे वळलीस. मी तिथेच उभी होते, आई. खूप वेळ."

बाईंनी आठवायचा जिवापाड प्रयत्न केला. तो ओटा आठवला, त्या वर्षीच्या पडद्याचा रंग आठवला, लेकीची नवी पिशवी आठवली. लेक आली, बोलली, उभी राहिली, हे कुठेच नव्हतं. त्यांच्या लेखी तो एक साधा दिवस होता.

"मला आठवत नाही गं," बाई म्हणाल्या. "काहीच आठवत नाही. तू सांग. पहिल्यापासून सांग."

सर चहाचे दोन पेले घेऊन दारापाशी आले, त्यांनी बाईंकडे पाहिलं आणि तसेच मागे वळले.